थंडीतली तपासणी

लग्नाला तीन वर्षं झाली, अजून पाळणा हलला नाय. आणि लोकांचं ऐकून ऐकून बारा महिन्यांतला कोणता महिना चांगला, हेच मला कळंना झालंय.

सुरुवात सासूबाईंनी केली. वच्छलाबाई म्हणजे तोंडाचा पट्टा एकदा सुटला की सुटला. पहिल्या आखाडात त्यांनी मला बिडकीनला माहेरी धाडलं. का, तर आखाडात दिवस गेले तर बाळंतपण ऐन चैताच्या उन्हात येतं. बरं, नव्या नवरीला धाडतात, मान्य. पण दुसऱ्या आखाडातही धाडलं! आता त्याच म्हणतात, "चुकलंच गं माझं, पावसाळ्यातच दिवस राहत्यात." मग दोन आखाड मी माहेरी काय माश्या मारत होते?

गेल्या मे महिन्यात डॉक्टरीणबाईंकडं गेलो. माझं सगळं ठीक निघालं. सत्यमच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या शुक्राणूंचं प्रमाण मात्र कमी आलं. ते शेंद्र्याला एका कंपनीत भट्टीवर असतात. बाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात पुरुषांचं प्रमाण कमी येऊ शकतं, त्यात यांचं काम भट्टीजवळचं. थंडीत परत तपासू."

"म्हणजे थंडीत ठीक येईल?"

"तसं नक्की नाही सांगता येत."

घ्या! ऊन खरं, का भट्टी खरी, का आखाड खरा? माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

सत्यम मात्र खुशीत घरी आले. "ऊन आहे गं, दुसरं काय नाय." घरात कुणाला सांगायचं नाय, असं त्यांनीच ठरवलं. मीही गप्प बसले. सासूबाई रोज जेवताना म्हणायच्या, "हिच्यातच काहीतरी कमी असंल." आणि सत्यम खाली मान घालून भाकर मोडत राहायचे. लई लागायचं मला ते.

दिवाळी झाली. तपासणीचं नाव काढलं की सत्यमचं काहीतरी निघायचं: आधी ओव्हरटाइम, मग सर्दी, मग संक्रांत. जानेवारी संपत आला तेव्हा माझं डोकंच फिरलं. एरवी अहो-जाहो करते, त्या दिवशी सरळ अरे-तुरेवर आले. "आता कोणतं ऊन लागलंय रे तुला? आपल्या मुकुंदवाडीत थंडीनं दात वाजायला लागलेत!"

ते मटकन पलंगावर बसले. डोळे भरून आलेले. "सोनिया, थंडीतबी कमीच आलं तर? तवा कुणाचं नाव सांगू?"

मला एकदम त्यांची कीव आली, आणि रागही आला. कोणतं आधी आलं, देव जाणे.

"तीन वर्षं माझंच नाव सांगताहेत की सगळे," मी म्हणाले. "तवा नाय विचारलंस कधी."

त्यांनी डोळे पुसले. मग उठले, स्वेटर चढवलं. आम्ही निघालो तर सासूबाई ओट्याजवळून ओरडल्या, "पुन्हा दवाखाना? किती तपासायचं हिला?"

"तिची नाय, आई. माझी तपासणी आहे," सत्यम म्हणाले. "मे महिन्यात माझंच कमी आलं होतं."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. तव्यावरची भाकर करपायला लागली, तरी त्यांचा हात काही हलंना.