धुऱ्याकडचे चार तास

बार्शीटाकळीच्या अलीकडे दुर्गाबाईंचं दोन एकरांचं वावर आहे. तीन वर्षांत त्यात रासायनिक खताचा दाणा पडला नाही की विषारी फवारा झाला नाही. सेंद्रिय मालाचा दाखला हवा तर एवढं थांबावंच लागतं. मध्ये मोठी चूक निघाली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी शेवटची तपासणी होती. तूर सोंगून झाली होती, वावरात नुसते खुंट उरले होते. दुर्गाबाई सकाळपासून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन बसल्या होत्या. घरी बसवतच नव्हतं.

तपासायला मागच्या वर्षीप्रमाणेच भावना मॅडम आल्या. पुण्याच्या, वयानं लहान, बोलायला गोड. बरोबर सेंद्रिय शेतकऱ्यांचे गटप्रमुख वामनराव होते.

मॅडमनी तपासणीचा कागद काढला आणि पलीकडच्या कपाशीकडे बोट केलं. "आजी, हे शेत कुणाचं?"

"खुशालरावचं. थो त फवारल्याबिगर जेवत नाही."

वामनराव हसले. मॅडमना हसता येईना. शेजारचं औषध वाऱ्यावर इकडे येतं, म्हणून कडेचा पट्टा सेंद्रिय धरत नाहीत. त्यातला माल वेगळा काढावा लागतो.

"मग त्यांच्या फवारणीपासून तुम्ही काय काळजी घेतली?"

"धुऱ्याकडचे चार तास सोडले जी."

मॅडमचं पेन थांबलं. "चार तास?"

"हव. पुरे चार. मंग बाकीची तूर सोंगली."

"अहो आजी, चार तासांत काय होतं? विष काय चार तासांत उतरतं?"

दुर्गाबाई गोंधळल्या. "उतरते का नाही मले का मालूम? मांगच्या साली तुमीच त सांगतलं होतं, कडेनं सोडा मनून."

"मी चार तास म्हणाले?"

वामनराव मदतीला धावले. "नाही मॅडम, बाई त दोनच सोडून राहिल्या होत्या. मीच चार सोडायले लावले. आमच्या गटातल्या नत्थुजीनं त सहा सोडले. लय नुकसान झालं बिचाऱ्याचं."

"सहा तास थांबल्यानं नुकसान कसं होईल?"

"थांबलं कोन?" वामनराव म्हणाले.

मॅडमनी लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं, "हे बघा, कडेला पट्टा सोडलेला नसेल, तर हे वर्ष मला धरता येणार नाही."

"धरता येनार नाही मंजे? पयल्यापासून?" दुर्गाबाईंचा आवाज चिरकला. त्यांनी मॅडमचं मनगटच धरलं आणि ओढत धुऱ्याशी नेलं. पहिल्या खुंटांच्या रांगेवर पाय ठेवून म्हणाल्या, "हा एक तास." मग पुढच्या रांगेवर. "हा दुसरा. अजून दाखवू?"

वऱ्हाडात पिकाच्या ओळीला तास म्हणतात. पेरताना तिफणीनं ओढलेली रेघ आणि तिच्यावर उभं राहिलेलं पीक, तो तास. घड्याळाचा तिथे काही संबंध नाही.

"ओळी!" मॅडम ओरडल्याच. "ओळी म्हणताय होय तुम्ही!"

"मंजे मॅडम, तुमी घड्याळ लावून बसल्या होत्या!" वामनराव पोट धरून हसू लागले. मॅडमही हसल्या, लिहिलेलं खोडून त्यांनी "चार ओळी" असं लिहिलं. दुर्गाबाईंना हसावं की नाही ते कळत नव्हतं.

"आता एकच प्रश्न. त्या ओळींतली तूर वेगळी ठेवली ना? कुठे विकली?"

"इकली नाही. ते मिसळू नका म्हणलं होतं ना तुमी."

"मग काय केली?"

"घरी डाळ केली. तेच वरन खाऊन राहिलो. आमच्या नातीले, दीक्षाले त रोज लागते."

मॅडमनी कागदावरच्या प्रश्नांवरून पेन फिरवलं. मिसळली का? नाही. सेंद्रिय म्हणून विकली का? नाही. विचारायचं होतं तेवढं विचारून झालं होतं आणि सगळी उत्तरं बरोबर होती. त्यांनी वामनरावांकडे पाहिलं.

"आमच्या घरी बी तेच हाय," वामनराव खाली बघत म्हणाले.

"काही चुकलं का, मॅडम?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"नाही आजी. नियमात बसतं."

"मंग पास?"

"पास."

"मंग तुमचं तोंड काहून उतरलं?"

मॅडम खुशालरावांच्या कपाशीकडे बघत होत्या. "आजी, ती डाळ घरात अजून आहे?"

"हाय ना, होळीपर्यंत पुरते. काहून? तुमाले पायजे का? थांबा, बांधून देतो शेरभर." आणि मॅडम हो म्हणतात की नाही, याची वाट न बघता दुर्गाबाई घराकडे निघाल्याही.