दोन बावखलांमधला बांध

मी बांध बोलतोय. धरणाचा नव्हे हो, तेवढं मोठं नशीब कुठलं! आगाशीजवळच्या एका वाडीत, बावखलाच्या मधोमध मला घातलं होतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्यावरच वाडीतली फुलझाडं, केळी, भाजी जगते.

माझा जन्म भांडणातून झाला. वडील गेले आणि प्लासिड आणि फर्डिनंड या भावांनी वाडी वाटून घेतली. जमीन वाटली ते ठीक, पण हे शहाणे पाणीही वाटायला निघाले. दोघांनी मिळून घमेली वाहिली, माती चोपली आणि मला उभं केलं. एवढ्या एकजुटीने त्यांनी दुसरं काहीच केलं नसेल. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

अगदीच बंद नाही म्हणा. मी होतो की मध्ये. "बांधा, त्याला सांग, त्याची बकरी माझ्या वालात शिरलीय," प्लासिड मोठ्याने म्हणायचा. पलीकडून फर्डिनंडही मलाच सांगायचा, "बांधा, त्याला म्हणावं, कुंपण घाल." मला तोंड नाही, हे दोघांच्याही कधी लक्षात आलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा शेजारच्या विहिरींवर टँकर लागले. नालासोपाऱ्यात इमारती वाढत होत्या, त्यांना पाणी हवं होतं. आमची दोन्ही बावखलं एप्रिलमध्येच तळाला जाऊ लागली. प्लासिडच्या बायकोने, पॉलिनने, हौसेने लावलेला सोनचाफा माना टाकू लागला. ती कळशीने पाणी घालायची आणि पानांकडे बघत बसायची. मला फार वाईट वाटायचं. पाण्याची केवढी तरी जागा मीच अडवून बसलो होतो.

भावांनी नव्या तळ्याचा विचार सुरू केला. रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून आले की माझ्या दोन बाजूंना उभे राहायचे.

"बांधा, त्याला विचार, त्याच्या केळीच्या जागेत तळं खणलं तर काय बिघडलं?"

"बांधा, त्याला सांग, त्याची गोठ्यामागची जागा काय शोभेला ठेवलीय?"

योजना काही जागची हलेना. शेवटी पॉलिन आणि तिची जाऊ मेरी येऊन माझ्यावरच बसल्या.

"जागा इथेच आहे," पॉलिन म्हणाली. "बांध काढा, दोन्हीकडचा गाळ उपसा. पहिल्यासारखं एकच बावखल होईल."

"मग पाणी कोणाचं किती?" फर्डिनंडने मला विचारलं.

"चाफा मेला की मोजत बसा," मेरी म्हणाली.

आता बोला. माझं मरण माझ्याच अंगावर बसून ठरलं. पण चाफ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, असू दे.

खणायच्या दिवशी दोघे कुदळी घेऊन आले. पहिला घाव कोणी घालायचा यावर अडले. मेरीने कुदळ हिसकावून तो घातला, तेव्हा कुठे दोघे लाजून कामाला लागले. दुपारपर्यंत माझा बराचसा भाग घमेल्यांतून गेला होता. तेवढ्यात प्लासिड गाळात कमरेपर्यंत रुतला. सवयीने त्याने हाक मारली, "बांधा..." मग आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाला, "फर्डी, हात दे."

"आण इकडे," फर्डिनंड म्हणाला. "केवढा जाड झालायस."

आता मे महिन्यातही बावखलात पाणी असतं. भाऊ अजून भांडतात, पंप आधी कोणी लावायचा यावरून, पण एकमेकांशी भांडतात. पॉलिनने माझी माती चाफ्याच्या बुंध्याशी घातली आहे. एकच विनंती. पुन्हा कधी बांध घालायची हुक्की आली, तर माती दुसरीकडे शोधा. चाफा फुललाय, मी इथून हलायचा नाही.