खुंटीची कावीळ

"हा माजा लिव्हरचा गेल्या वर्साचा आकडा, आन् हा आत्ताचा," सुनिलने प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढले आणि ओट्यावर बसलेल्या माणसांसमोर नाचवले. "डाक्तरीणबाय बोलल्या, लिव्हर पयल्यासारखा झाला. पंधरा वर्सं पीत व्हतो मी! कोनी बरं केलं? आमच्या वयनीनं. घाला तुमी माळ, बिनधास्त."

वत्सला खाली मान घालून गाठी मारत होती. हिरव्या काडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, प्रत्येकाला दोऱ्याचा फास द्यायचा आणि तुकड्याला तुकडा भिडवायचा. डोक्यावर टोपीसारखी बसेल एवढी माळ झाली की कावीळवाल्याच्या डोक्यावर ठेवायची. दिवसागणिक माळ वाढत जाते, गळ्यात येते, छातीवर येते. बेंबीखाली उतरली की कावीळ उतरली, असं शेणव्यापासून पार मुरबाडपर्यंत सगळे मानत होते. दर रविवारी तिच्या ओट्यावर सात-आठ पिवळी माणसं बसलेली असायची.

दिराची टकळी थांबेना तेव्हा तिने वर बघितलं. भरलेला चेहरा, स्वच्छ डोळे, सपाट पोट. चाळिशीचा गडी नुकतं लग्न ठरल्यासारखा दिसत होता. जळत होती ती. स्वतःशी लपवायचं कशाला?

"सुनिल, गोठ्यातलं शेण तसंच पडलंय," ती म्हणाली.

"आलो, वयनी."

त्या रविवारी डोळखांबचा एक माणूस यायचा राहिला. त्याची माळ करून ठेवली होती. माळेची विद्या वत्सलाला सासूकडून मिळाली होती आणि तिच्याबरोबर तीन नियम आले होते. झाडाचं नाव कुणाला सांगायचं नाही. नारळाशिवाय काही घ्यायचं नाही. आणि उरलेली माळ घरात ठेवायची नाही, ओहोळात सोडायची. तिसरा नियम कशासाठी होता, ते वत्सलाला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. तिने ते कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

तीस वर्षांत तिने तो मोडला नव्हता. पण आता ओहोळापर्यंतचा उतार तिला झेपत नव्हता. जाऊन यायचं म्हणजे दोनदा बसावं लागायचं आणि घरी आल्यावर पाय खांबासारखे सुजायचे. उद्या बघू म्हणून तिने माळ ओट्यावरच्या खुंटीला अडकवली आणि विसरली.

तिला सिरॉसिस होता. दोन वर्षांपूर्वी पोट फुगायला लागलं तेव्हा बायका हसल्या होत्या, आता या वयात काय गो, म्हणून. शहापूरच्या डॉक्टरांनी पोटावर बोटं वाजवून बघितली आणि ठाण्याला पाठवलं. तिथे पोटातून बाटल्या भरभरून पाणी काढलं. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "दारू घेता का?" नवरा, जयराम, शेजारीच उभा होता. तो दारूच काय, तंबाखूही न खाणारा माणूस. त्याला एवढी शरम वाटली की तो बाहेर जाऊन उभा राहिला.

रक्त तपासल्यावर कारण कळलं. बी कावीळ. कधीतरी रक्तात शिरली होती, कदाचित लहानपणीच, आणि एकदाही डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षं लिव्हर पोखरत राहिली होती. गावभरच्या काविळी बघणाऱ्या बाईला स्वतःची दिसली नव्हती. गावाला मात्र एवढं लांबण ऐकायला वेळ कुठला? माळवाल्या मावशीला दारूवाल्यांचा रोग झाला, एवढीच बातमी फिरली. चोरून घेत असेल, कुणी सांगावं, असंही कोणी म्हणालं. ते तिच्या कानावर घालायला लोक विसरले नाहीत.

सुनिल पिवळा पडला तो त्यानंतर वर्षभराने. खरा पिणारा तो. वत्सलाने त्याला माळ घातली आणि त्याची बायको अनिता त्याला त्याच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मग दर तीन महिन्यांनी दीर-भावजय एकाच जीपने स्टेशनला जायचे आणि दवाखान्यात एकाच बाकावर बसायचे. त्याचा आकडा दर खेपेला उतरायचा. तिचा होता तिथेच.

शेवटी तिने विचारलं होतं. सुनिल औषधं घ्यायला गेला होता.

"बाय, त्याचा लिव्हर परत आला. माजा कदी येनार?"

डॉक्टरीणबाई तिच्या मुलीच्या वयाची होती. तिने वत्सलाचा हात हातात घेतला. मनगटावर भाजल्याचा जुना वण होता, त्यावर बोट ठेवलं. "हा कधीचा?"

"लग्नाच्या वर्साचा. तवा लागलेला."

"गेला का?"

"वन कदी जातो का?"

"आणि हात काम करतो?"

"करतो की."

"तसंच आहे, मावशी. लिव्हरला सूज असली तर उतरते, पुन्हा भरून येतं. सुनिलला सूज होती, वण अजून धरायचा होता. तुमच्या लिव्हरवर वण धरलेत. रोजच्या गोळीने पुढचं पोखरणं थांबलंय, थोडंफार सुधारेलही. पण पहिल्यासारखं होणार नाही. जे शिल्लक आहे ते जपलंत तर पुष्कळ वर्षं काम देईल." मग ती दाराकडे बघत म्हणाली, "त्याला मात्र सांभाळा. पुन्हा प्यायला लागला तर तोही तुमच्यासारखाच या बाकावर येईल, आणि मग त्यालाही परतीची वाट नाही."

वत्सलाच्या डोक्यात त्यातलं शेवटचंच वाक्य राहिलं. दवाखान्यातून येताना, भात वेचताना, अंगाला खाज सुटून झोप लागत नसताना ती ते घोळवायची. त्या बाकावर सुनिल बसलाय, पोट फुगलंय, पाय सुजलेत. ते चित्र डोळ्यांसमोर आलं की तिला बरं वाटायचं. मग स्वतःची घाण वाटायची. दहा वर्षांचा असताना सासू गेली तेव्हापासून तिनेच त्याला वाढवलं होतं. पण घाण वाटली म्हणून चित्र जात नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे जेवणाची वेळ. तिला मीठ बंद होतं. लोणचं नाही, पापड नाही, सुकट तर नावालाही नाही. आणि सुनिल तिच्यासमोर ओट्यावर मांडी घालून तांदळाच्या भाकरीबरोबर झणझणीत सुकट खायचा, वर बोटं चाटायचा. तिने हौसेने तीस वर्षं ज्या हाताने सुकट केली, तो हात आता अळणी दुधी ढवळत होता. एकदा तिने चोरून स्वतःलाही माळ घातली होती. सगळं माहीत असून घातली. माळ नेमाने वाढली, बेंबीखाली उतरली. पोटातलं पाणी होतं तेवढंच राहिलं.

एकच गोष्ट तिच्या वाट्याला होती. दारूने सडलेल्या सुनिलला वत्सलाच्या माळेने उभं केलं, हे गाव बोलत होतं. चोरून पिते म्हणणाऱ्या बायकाही आता नारळ घेऊन यायच्या. त्या बोलण्यावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

पुढच्या सोमवारी शेतातल्या देवाचा मान होता. भात झोडून घरात आलं की बांधावरच्या दगडाला शेंदूर लावायचा, कोंबडं द्यायचं, बाटलीतली धार सोडायची. उरलेली दारू घरी आणून जेवणाआधी पुरुषांना थोडी थोडी वाटायची. वाटण्याचा मान घरातल्या थोरल्या सुनेचा. भावकीतली दहा-बारा माणसं ओट्यावर बसली होती. म्हसा गावच्या जत्रेच्या गप्पा चालल्या होत्या, कुणाला बैल बघायचा होता, कुणाला घोंगडी.

"सुनिल येतो ना रे जत्रेला?"

"येनार तर! गेल्या साली चुकली."

आतून अनिता हळूच म्हणाली, "ताई, तुमी सांगा ना, नको जाऊ बोला. तिथं त्याचे सगले जुने दोस्त भेटतील. माजं नाय आयकत, तुमचं आयकतो."

वत्सला बाटली आणि पेले घेऊन बाहेर आली. सुनिलने सकाळपासून तीन जणांना हात जोडून नकार दिला होता, ते तिने पाहिलं होतं. एकेकाला देत ती त्याच्यापर्यंत आली. पुढे जाता आलं असतं. ती थांबली, पेल्यात चार बोटं ओतली आणि त्याच्यासमोर धरली.

"देवाचं हाय. नाय बोलू नये."

जयरामने चमकून बायकोकडे पाहिलं. अनिता दारात आली. सुनिलने वत्सलाच्या तोंडाकडे बघितलं आणि तो हसला. लहानपणी ताटात दोन वाटे जास्त पडले की हसायचा, तसाच.

"तुमच्या हातचं म्हंजे औषधच, वयनी." त्याने पेला घेतला, कपाळाला लावला आणि भावकीकडे वळून म्हणाला, "आपल्याला काय भ्याव हाय? उद्या जत्रेत दोन पेले जास्त झाले आन् परत पिवळा पडलो, तर वयनीची माळ हायेच की घरात!"

सगळे हसले. "बरोबर हाय," कोणीतरी म्हणालं, "घरचा डाक्तर."

एरवी वत्सलाची छाती भरून आली असती. पण तिला हसणाऱ्यांचं काही ऐकूच येईना. ती बघत होती ते त्याचं पोट. त्या सपाट पोटात, लिव्हर डावीकडे की उजवीकडे हेही ज्याला ठाऊक नाही अशा या माणसाच्या बरगडीखाली, एक आख्खं नवं लिव्हर होतं. ज्यासाठी ती दोन वर्षं अळणी गिळत होती, ज्यासाठी तिने ठाण्याला तपासणीची नळी घशात घालून घेतली होती, आणि जे तिला या जन्मी मिळणार नव्हतं. ते याला फुकट मिळालं होतं, आणि हा ते भरल्या कणगीला भोक पाडावं तसं सांडून द्यायला बसला होता. तिच्या हाताने.

पेला ओठाला लागला होता.

"मला दे!" वत्सला ओरडली.

सुनिल दचकला. "काय, वयनी?"

"तुजा लिव्हर! टाकायचाच हाय तर मला दे ना मेल्या! सांडतोस कशाला?"

तिने त्याच्या हातावर फटका मारला. पेला ओट्यावरून घरंगळत अंगणात गेला. जयराम उठून तिला धरायला आला तर तिने त्याचाही हात झटकला.

"माळ हाय म्हनतोस? कंची माळ? ही?"

ती खुंटीकडे वळली. डोळखांबवाल्याची माळ तिथेच होती. आठ दिवसांपूर्वी अडकवली तेव्हा वीतभर लोंबत होती. आता काड्या वाळून काळ्या पडल्या होत्या, फास सैल झाले होते, तुकड्यातुकड्यांत बोटभर दोरा दिसत होता. खुंटी पुरुषभर उंचीवर होती आणि माळ उभ्या माणसाच्या बेंबीखाली उतरली होती.

"बघा सगले. आठ दिस हितंच हाय. वाढली ना? ह्या खुंटीला कंची कावीळ झाली व्हती रे?"

तिने एक सैल फास बोटावर घेऊन दाखवला.

"काडी वाळते, दोरा सुटतो, माळ वाढते. मानसावर पन आन् भिंतीवर पन." तिला धाप लागली, ती खांबाला धरून खाली बसली. "लोकं बरी व्हतात, ती महिनाभर पथ्य पालतात म्हनून व्हतात. तू दारू सोडलीस म्हनून उठलास. माज्या माळंनं नाय. माळंनं व्हत असतं तर मी अशी बसली असती का? परत पिवळा पडलास तर मी काय करनार नाय. मला काय करताच येत नाय."

अनिता तोंडावर पदर घेऊन रडत होती. पेला आपणच दिला होता, ते का दिला होता, हे मात्र वत्सला कुणाला बोलली नाही. सुनिल अंगणात उतरला, पेला उचलला, हौदावर धुतला आणि आत नेऊन ठेवला. त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही. भावकी कोंबडं गुपचूप जेवली आणि लवकर उठली.

म्हशाच्या जत्रेला तो गेला नाही. दोघांत बोलणंही झालं नाही.

पुढच्या रविवारी ओटा रिकामा होता. बातमी नारळापेक्षा लवकर पोहोचली होती. वत्सला सवयीने पाट मांडून बसली. समोर काड्या नव्हत्या, दोरा नव्हता, हाताला काय काम द्यावं कळेना. दहाच्या सुमारास एकच बाई आली, म्हशाकडची सकुबाई, बरोबर पिवळ्याधमक डोळ्यांची सात-आठ वर्षांची नात.

"माळ नाय देत मी आता," वत्सला म्हणाली. "आदी शहापूरला ने, रगत तपासून घे. कंची कावीळ हाय ते कलू दे."

"अगो, येवढ्या लांबून आली मी. माज्या लेकाला तूच बरा केलेला. बांद ना येक."

"नाय सांगितलं ना. माजी आंगात व्हती, मलाच दिसली नाय. हिची मी काय बघनार?"

सकुबाईला ते पटलं नाही. एवढ्या लांबून येऊन रिकाम्या हाताने जायचं म्हणून ती पुटपुटत उठली. तेवढ्यात शेजारच्या आपल्या घरातून सुनिल बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं असावं. वत्सलाकडे न बघता त्याने मोटारसायकल काढली.

"चला आजी, दवाखान्यात सोडतो. पोरीला मदी बसवा."

निघता निघता त्याने गाडी ओट्याजवळ थांबवली. "वयनी, तुमच्या गोळ्या संपल्यात ना? कागद द्या."

तिने कमरेचा बटवा सोडून घडी घातलेला कागद दिला. त्याने तो खिशात, स्वतःच्या दोन कागदांच्या पिशवीत ठेवला आणि एका किकमध्ये गाडी चालू केली. ताठ पाठ, दणकट खांदे. गाडी वळणाआड जाईपर्यंत वत्सला त्या पाठीकडे बघत राहिली. तिला अजून त्याचा हेवा वाटत होता, काल वाटत होता तेवढाच.

मग तिने खुंटीवरची माळ काढली, पदरात घेतली आणि ओहोळाची वाट धरली. अर्ध्या उतारावर ती पहिल्यांदा बसली.