शेवटची सायकल

हंगामाच्या सुरुवातीला आमच्या क्लबातला प्रत्येक माणूस दमलेला असतो. हंगामाच्या शेवटीही असतो, पण तेव्हा निदान सांगायला कारण असतं.

मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारी घेतो. अडकलेल्या माणसांना फोनवर "धीर धरा, माणूस निघालाय" असं सांगतो. माणूस बहुतेक वेळा निघालेला नसतो. तो माझ्यासमोर बसून डबा खात असतो. अशा नोकरीत आठवडा काढून रविवारी पहाटे पळायला जाणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर त्याला मामा असतो. मला मामा आहे आणि मी त्याच्याच घरी राहतो, त्यामुळे सुटका नाही.

मामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान एवढं अरुंद की दोन सायकली आत आल्या तर मामाला बाहेर उभं राहावं लागतं. चाकात हवा पुरेशी आहे का, हे तो अंगठ्याने दाबून बघतो. पंपावरच्या आकड्यावर त्याचा विश्वास नाही. "आकडा पंपाचा, अंगठा माझा," असं म्हणतो. अंगठा जरा जरी दबला तरी ती सायकल दुकानाबाहेर जात नाही, मग गिऱ्हाईक कितीही बोंबलो. क्लबाच्या सगळ्या सायकलींची देखभाल त्याच्याकडेच आहे. त्याची स्वतःची सायकल मात्र करकरते. तिच्याकडे बघायला त्याला वेळ नाही.

गेल्या रविवारी हंगामातली पहिली मॅरेथॉन झाली. मामा अर्ध्याच्या थोडा पुढे गेला आणि मागून येणाऱ्या गाडीने त्याला उचललं. या गाडीला आम्ही झाडू म्हणतो, कारण रस्त्यावर उरलेली माणसं ती गोळा करत येते. मामा केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांत बसून परत आला आणि उतरताना ड्रायव्हरला म्हणाला, "मागच्या चाकात हवा कमी आहे तुझ्या." मी शेवटपर्यंत पोचलो. त्याबद्दल मला एक पदक आणि पायाचं एक काळं पडलेलं नख मिळालं. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून मामीने पदक तिला अडकवलंय. नखाचा अजून काही उपयोग सापडलेला नाही.

आमच्या क्लबाची सेक्रेटरी दातांची डॉक्टर आहे. आम्ही तिला मॅडम म्हणतो, मामा बाई म्हणतो. दुखणारी गोष्ट ती इतक्या मऊ आवाजात सांगते की ऐकणाऱ्याचं तोंड आपोआप उघडतं. मॅरेथॉननंतर ती मामाला म्हणाली, "हंगामातल्या पहिल्या दोन्ही शर्यती ज्याला पुऱ्या करता येत नाहीत, त्याला आपण सन्मानाने सल्लागार करतो. तुम्हाला माहीतच आहे." मामाला माहीत होतंच. हा ठराव त्यानेच मांडला होता, पण दुसऱ्या एकासाठी.

सल्लागार म्हणजे खुर्ची. पांढरी, प्लास्टिकची, हातांची, पाठीवर 'मानद सल्लागार' असं निळ्या रंगात लिहिलेली. शर्यतीच्या दिवशी ती शेवटच्या रेषेपाशी ठेवतात. आधीचे सल्लागार तिच्यात बसले ते बसलेच. त्यांना कुणी कधी सल्ला विचारला नाही. "काका, जरा माझं जॅकेट धराल का?" एवढंच विचारलं. शेवटी ते जॅकेटांसकट दिसेनासे झाले, आणि मग कळलं की मुलीकडे राहायला गेले. खुर्ची रिकामी होती.

लोक आजारपणाला घाबरतात, मामा त्या खुर्चीला घाबरायचा. तो आठवडाभर घरातही चहा उभ्यानेच प्यायला.

दुसरी शर्यत म्हणजे ड्युएथलॉन. यात आधी पळायचं, मग सायकल चालवायची, मग पुन्हा पळायचं. एकदा सायकल हाताला लागल्यावर माणूस पुन्हा का पळतो, हे विचारायची क्लबात पद्धत नाही.

त्या सकाळी मामी चहा गाळता गाळता हळूच म्हणाली, "हे बघ, आज ह्यांना बसवूनच आण."

"मामी, ते माझ्या हातात आहे का?"

"तुझ्याच हातात आहे. शेवटची सायकल तुझ्याकडे दिलीय ना? त्यांचे गुडघे बोलायला लागलेत रे. रात्री कूस बदलली की दार वाजलं म्हणून मी उठून बसते."

शेवटची सायकल माझ्याकडेच होती. नखामुळे मला बसून करायचं काम मिळालं होतं. दुसऱ्या पळण्यात सगळ्यांच्या मागून एक सायकल निघते, कॅरिअरला लाल झेंडा बांधलेली. ती ठरलेल्या संथ वेगाने चालते. ती ज्याला ओलांडेल तो बाद, आणि ती रेषेवर पोचली की शर्यत संपली. ती मध्येच बंद पडली तर काय करायचं, हे नियमात नाही. सायकली मामाच्या हातच्या असल्यामुळे अशी वेळ येईल असं कुणाच्या मनातही आलेलं नाही.

"मी बघतो," मी मामीला म्हणालो. फोनवर मी दिवसातून अनेकदा हेच म्हणतो. त्याचा अर्थ काहीच नसतो.

शर्यतीचा रस्ता गोदामांच्या मागून जातो. एका बाजूला बंद शटरं, दुसऱ्या बाजूला कालवा, शेवटी कालव्यावरचा पूल आणि पुलापलीकडे रेषा. रविवारी तिथे फक्त कुत्री आणि आम्ही असतो. कुत्र्यांना निदान घाई नसते.

पहिलं पळणं मामाने कसंबसं निभावलं. सायकलवर तर त्याने दोघांना मागे टाकलं. करकर ऐकून ते स्वतःहूनच बाजूला झाले. पण सायकलवरून उतरून तो पुन्हा पळायला लागला आणि त्याचा डावा गुडघा बोलायला लागला. ज्यांना मागे टाकलं होतं ते दोघे पुढे गेले. मग पुढचेही पुढे गेले. मग रस्त्यावर मामा उरला आणि त्याच्यामागे झेंडा लावून मी.

सायकल इतकी सावकाश चालवणं हा एक स्वतंत्र खेळ आहे आणि त्याचा कुठे क्लब नाही. हँडल थरथरतं, मांड्या भरून येतात, आणि गेल्या रविवारची मॅरेथॉन प्रत्येक पेडलला आपली आठवण करून देते. एका कुत्र्याने आम्हा दोघांना ओलांडलं, मागे वळून बघितलं आणि निघून गेलं.

"मागे कोण आहे?" मान न वळवता मामाने विचारलं.

"मी."

"तुझ्या मागे?"

"कुणी नाही."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. "एक पोतं पडलंय."

"ते आपल्या क्लबाचं नाही," मामा म्हणाला आणि पळत राहिला. पळत म्हणजे, पळताना माणूस जे हात हलवतो ते तो हलवत होता.

माझं पुढचं चाक त्याच्या टाचेशी आलं. ठरलेल्या वेगाप्रमाणे मी त्याला केव्हाच ओलांडायला हवं होतं.

"जातोस?" मामाने विचारलं.

"जायला पाहिजे."

"मग जा की. आधी घंटी वाजव. ओलांडताना घंटी वाजवायची असते."

माझा अंगठा घंटीवर गेला आणि तिथेच राहिला. नोकरी लागल्यापासून मी अडकलेल्या लोकांना धीर देतोय, पण स्वतःच्या हाताने अजून कुणाला कोंडलेलं नाही. मला ती खुर्ची दिसली, तिच्यात मामा दिसला आणि त्याच्या मांडीवर जॅकेटांचा ढीग दिसला.

मी उतरलो. बुटाची नाडी बांधतोय असं दाखवत खाली बसलो, मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि नखाने पिन दाबून धरली.

हवा जाताना फार मोठा आवाज होत नाही. शेजारच्या खोलीतून मारलेली मामीची हाक ज्याला ऐकू येत नाही, तो माणूस एवढ्या पुढून हा आवाज ऐकून जागच्या जागी थांबला.

"मामा, पंक्चर!" मी ओरडलो. "तू पळ! सायकल हलत नाही तोवर तुला कुणी बाद करू शकत नाही. पळ!"

"पंक्चर?" मामा वळला. "माझ्या हातच्या सायकलीला?"

"अरे, तू पळ ना!"

तो परत आला. पुढे जाताना आला नसता एवढा वेग त्याला मागे येताना आला. चाकापाशी खाली बसला, गुडघे दोनदा बोलले. त्याने चाक फिरवलं, टायरवरून तळवा फिरवला, कान लावला.

"काच नाही. खिळा नाही."

"आतून काहीतरी झालं असेल."

"आतून काय होणार? ट्यूबला मनस्ताप झाला?" त्याची नजर माझ्या हातावर आली. "मूठ उघड."

मी मूठ उघडली. मुठीत व्हॉल्व्हचं टोपण होतं.

मामाने त्या टोपणाकडे बघितलं. घाम त्याच्या नाकावरून टायरवर ठिबकत होता.

"गाढवा," तो म्हणाला.

"मामा, ती खुर्ची..."

"खुर्चीचं माझं मी बघतो. मी भरलेलं चाक रस्त्यात बसलं असं उद्या सगळा क्लब म्हणेल, ते कोण बघणार?"

"इथे कुणी बघत नाहीये."

"पोतं आहे," मामा म्हणाला.

सायकलच्या दांडीला अडकवलेला छोटा पंप त्याने काढला आणि हवा मारायला लागला. पंप जास्त धापा टाकतोय की मामा, ते कळेना. "दे, मी मारतो," मी म्हणालो. "तुझा हात लागलाय तेवढा पुरे," तो म्हणाला. मग थांबला. टायरवर अंगठा ठेवला, दाबला. पुढे पुलाच्या चढाकडे बघितलं. पुन्हा दाबला. माझ्या हातातून टोपण घेऊन घट्ट बसवलं.

"चल. झालं. आता सरळ नियमाने ओलांडायचं मला. भाचा म्हणून सूट नको. सूट दिलीस तर घरी येऊ नकोस, पोत्यात झोप."

असं म्हणून तो निघाला.

माझ्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही म्हणून सांगतो: मी खरंच जोर लावला. पुलाचा चढ सुरू झाला होता. सायकल अशी जड लागत होती की जणू कॅरिअरवर मामीच बसलीय. मांड्या जळायला लागल्या, नख बुटात ठणकायला लागलं. पुढे मामाचा एक पाय पळत होता आणि दुसरा तक्रार नोंदवत होता. मी घंटी वाजवली. मामा शिस्तीत बाजूला झाला, मला रस्ता दिला. तरी मला जाता येईना.

"ये की," मामा म्हणाला.

"येतोय."

"मग ये ना!"

"निघालोय," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं होतं.

पुलाच्या माथ्याअलीकडेच मी सायकलवरून उतरलो आणि तिला ढकलायला लागलो. मामा पुढे होता. उतारावर तो पळाला म्हणता येणार नाही. उतार त्याला घेऊन गेला.

रेषेवर मॅडम गळ्यात शिट्टी अडकवून उभी होती. तिथलं बोलणं मला नंतर कळलं. बरेचसे लोक घरी गेले होते. मामा रेषा ओलांडून गेला तेव्हा दोन-तीन टाळ्या वाजल्या. बाकीच्यांच्या हातात बिस्किटं होती.

मॅडमने घड्याळ बघितलं. मऊ आवाजात म्हणाली, "फार उशीर झालाय."

"सायकल बघा, बाई," मामा म्हणाला. त्याला तेवढंच बोलता आलं.

मॅडमने बघितलं. लाल झेंडा अजून पुलाच्या माथ्यावरच होता आणि मी त्याला ढकलत होतो.

"शेवटची सायकल मागे आहे," मॅडम स्वतःशीच म्हणाली. तिने थोडा विचार केला. दात काढावा की ठेवावा, याचा करते तसा. मग खोक्यातून एक पदक काढून मामाच्या गळ्यात घातलं. "शर्यत पुरी झाली तुमची."

मामाने मान हलवली आणि टेकायला जागा शोधली. कठडा लांब होता. जमीन ओली होती. तो गुडघ्यांवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला, मग दोन पावलं मागे सरकला आणि त्या पांढऱ्या खुर्चीत बसला.

बिस्किटं खाणारे थांबले. दातांच्या डॉक्टरचं स्वतःचं तोंड उघडं राहिलेलं मी तेव्हाच बघितलं.

"मी बसलेलो नाही," डोळे मिटून मामा म्हणाला. "टेकलोय."

एका मुलीने जॅकेट पुढे केलं होतं, ते मागे घेतलं.

मी रेषा ओलांडली आणि शर्यत संपली. सायकल खुर्चीला टेकवली आणि मीही तिथेच ओल्या जमिनीवर बसलो. माझ्या तोंडासमोर मागचं चाक होतं. दुसरं काही करायची ताकद नव्हती, म्हणून मी त्यावर अंगठा ठेवून दाबला.

अंगठा आत गेला. चांगला नखापर्यंत.

"मामा," मी म्हणालो.

"काय?"

"हवा."

मामाने एक डोळा उघडला, चाकाकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"सकाळी निघताना बघून घेत जा रे," तो म्हणाला. "आणि मी टेकलो होतो, हे घरी बोलू नकोस."