सोळावी सायकल

जर्मन वाहतुकीच्या कायद्यात असं आहे की पंधरापेक्षा जास्त सायकली एकत्र निघाल्या की त्यांचा फेरबांड होतो, म्हणजे सगळ्या मिळून एकच वाहन. मग सायकलच्या पट्टीवर न अडकता मोटारींच्या रस्त्यावरून जोडीजोडीने जाता येतं आणि मागे अडकलेल्या मोटारवाल्यांना नुसतं बघत बसावं लागतं. नागरिकत्वाच्या परीक्षेत तेहतीसपैकी तेहतीस मिळवलेल्या गौरांगला हे कलम तोंडपाठ होतं. हॅनोव्हर ते कुक्सहाफेनचा समुद्र ही तीन दिवसांची सफर त्याने त्या कलमाभोवतीच आखली होती. अडचण एवढीच की आम्ही भरलो पंधरा.

मग चंद्रशेखररावांना बोलावलं. वय एकाहत्तर, यंत्रांच्या कारखान्यातून निवृत्त, मागच्या हिवाळ्यात सरलावहिनी गेल्यापासून एकटे. "काका, तुमच्याशिवाय जमणारच नाही," असं गौरांगने त्यांना फोनवर सांगितलं. कायद्याने ते खरं होतं.

पिवळं जाकीट घालून सगळ्यांत मागे राहायचं आणि अंतर वाढलं की शिट्टी वाजवायची, हे काम माझ्याकडे होतं. त्यामुळे चंद्रशेखरराव आणि मी सतत बरोबर.

हॅनोव्हर सोडलं की जमीन जी सपाट होते ती होतच राहते. मका, बटाटे, पुन्हा मका. चर्चचा मनोरा सकाळी दहाला दिसायला लागतो आणि जेवायच्या वेळीही तेवढाच दिसतो. चढ नाही म्हणून आम्ही खूश होतो. वाऱ्याला अडवायलाही काही नाही, हे नंतर कळलं.

पहिल्या दुपारी आलर नदीच्या काठी तिखटमिठाच्या पुऱ्या खाताना चंद्रशेखरराव म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. मी मजेसाठी आलेलो नाही."

"इथे मजेसाठी कोण आलंय?" मी म्हणालो. माझी बैठक तोवर सोलवटली होती.

"मार्चमध्ये न्हाणीघरात पडलो. तेव्हापासून माझ्या मुलीने, तनयाने, धोशा लावलाय. तिच्या कोलोनमध्ये म्हाताऱ्यांसाठी घरं आहेत, बेट्रॉयटेस वोनेन. आपली खोली, आपलं कुलूप, फक्त किल्ली त्यांच्याकडेही असते. तिने नाव नोंदवूनसुद्धा टाकलंय."

"आणि तुमचं घर?"

"सोडायचं. बत्तीस वर्षांचं घर." त्यांनी पुरी तशीच हातात धरली होती. "शेवटी वैतागून म्हणाली, 'गुट, ठीक आहे बाबा. कुक्सहाफेनपर्यंत सायकलने जाऊन दाखवा, मी पुन्हा विषय काढणार नाही.' तिला वाटलं मी जाणार नाही."

"जाल हो तुम्ही."

"जाईन. मला फक्त घाई करू नका."

दुसऱ्या दिवशी फेर्डेनहून निघालो आणि वायव्येचा वारा समोरून आला. कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलावं तसा. चंद्रशेखरराव पुढच्या जोडीपासून पन्नास मीटर मागे पडले, मग शंभर. मी शिट्टी वाजवायचो, गौरांग सगळ्यांना थांबवायचा आणि घड्याळ बघायचा.

"काका, तुमच्यामुळे नाही हं," तो म्हणायचा, "पण अंतर पडलं की फेरबांड तुटतो. तांत्रिकदृष्ट्या आत्ता आपण बेकायदेशीर आहोत."

मैलभर एकही मोटार नव्हती. आमचा बेकायदेशीरपणा बघायला रस्त्याकडेला दोन गाई होत्या.

असं अकरा वेळा झालं. दर वेळी चंद्रशेखरराव "आलो, आलो" म्हणत यायचे, टेकायच्या आत सगळे निघालेले असायचे. विश्रांती होती, पण ती फक्त पुढच्या चौदा जणांना. तरी ब्रेमरव्होर्डेच्या गेस्टहाउसला ते स्वतःच्या सायकलवरून पोहोचले. रात्री जेवले नाहीत, पण मला म्हणाले, "साठच राहिले."

तिसऱ्या दिवशी न्याहारीला गेस्टहाउसच्या मालकिणीचा भाऊ आला. हेर ल्यूडर्स, वय चौसष्ट, पोटऱ्या लाकडी. आम्ही समुद्राकडे चाललोय म्हटल्यावर तो म्हणाला, मीही येतो. गौरांगचा चेहरा उजळला. त्याने टेबलावरची डोकी मोजली आणि पुन्हा एकदा मोजली.

मग फार प्रेमाने म्हणाला, "काका, तुम्ही आता बिनधास्त आराम करा. दहा चाळीसची गाडी आहे. आमच्या आधी पोहोचाल! फोटोत मधोमध तुम्हीच."

"मी येतो ना मागून. तुम्ही व्हा पुढे."

"एकटे? आणि काही झालं तर तनयाला मी काय सांगू? रिस्पॉन्सिबिलिटी आहे माझी." त्याने माझ्याकडे बघितलं. "काय हो?"

पैजेबद्दल त्या टेबलावर फक्त मला माहीत होतं. बोलायला तीच वेळ होती. मी म्हणालो, "काका म्हणतील तसं." ज्याचं ऐकायचं नसतं त्याच्याबद्दलच आपण हे वाक्य वापरतो.

"आणि तनयाला मी कळवूनही टाकलंय," गौरांग म्हणाला. "उगाच काळजीत नको."

आपल्याकडे कुणाच्या वडीलधाऱ्यांना कुठे नेलं की घरी कळवायची पद्धत आहे. परदेशात ती आम्ही काटेकोरपणे पाळतो. त्याने मला मोबाईल दाखवला: "काका थकलेत. गाडीत बसवून देतोय. काळजी नसावी." खाली तनयाचं उत्तर आलेलं होतं. हात जोडलेले तीन वेळा.

त्यांना स्टेशनवर सोडायला मीच गेलो. फलाटावर दोघंच होतो. वारा तिथेही होता. त्यांनी सायकल खांबाला टेकवली.

"अजून काही गेलेलं नाही," ते म्हणाले. "गाडी जाऊ दे. तुम्ही चला माझ्याबरोबर. दोघंच, हळूहळू. अंधार पडेल पडला तर. कुक्सहाफेनला जाऊन तिला फोटो पाठवू. मग बघू काय म्हणते."

ते मला हात जोडत नव्हते. वेळापत्रक ठरवावं तसं सांगत होते.

माझा फोन खिशात थरथरला. गौरांग: "कुठे आहात? तुम्ही नाही तर आपण पंधराच."

"अहो," मी म्हणालो, "ते थांबलेत हो माझ्यासाठी."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. पलीकडून तनया भराभर जर्मनमध्ये बोलत होती. आवाज आनंदी होता.

"हो," ते मराठीत म्हणाले. "हो, ठीक आहे मी. नाही, पडलो नाही... बसतोय गाडीत." मग बराच वेळ ऐकत राहिले. मी हेल्मेटचा पट्टा लावला, सायकल वळवली आणि उगाच ब्रेक तपासले.

"पुढच्या महिन्यात? इतक्या लवकर?" ते म्हणाले. मग, "बरं. खोली कितव्या मजल्यावर आहे म्हणालीस?"

मी निघालो. तनयाने कितवा मजला सांगितला ते मला ऐकू आलं नाही.