दह्याशेजारी बेसन

मालवीय नगरातल्या त्या गोदामात गिऱ्हाईक म्हणून कुणी पाय ठेवत नाही. येतात त्या नुसत्या ऑर्डरी. कुणी मोबाइलवर दूध-भाजी मागवली की आतली पोरं-पोरी रॅकमधून माल उचलतात, पिशवी भरतात आणि स्कूटरवाला सुसाट सुटतो. सुटायला हवा, म्हणजे. पण संध्याकाळ झाली की सगळं तुंबायचं. दारात हॉर्नवर हॉर्न, आणि आत पिशव्यांचा पत्ता नाही.

हे सगळं सांभाळायची कीर्ती. मूळची सांगलीची, जयपुरात नवी, आणि राग कायम नाकावर. सकाळीच तिचा साहेब, संकेत, फोनवर बोलला, "आज संध्याकाळी अडकलं ना, तर उद्यापासून संध्याकाळच्या ऑर्डरी सीतापुऱ्याच्या गोदामाला. तुझी शिफ्टची पोरं घरी."

"माणसं द्या मग, सर!"

"दिली की! उलट जास्तच तुंबलं."

तिनं फोन आपटला. पण ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. माणसं वाढली तर काम उरकायला हवं. तुंबतं कसं?

गर्दी सुरू होताच ती शिडीवर चढून बसली. वरून बघते तर पुढच्या गल्ल्या मोकळ्या, आणि मागच्या कोपऱ्यात, पिठाच्या अरुंद गल्लीत ही झुंबड! एक आत घुसतोय, दुसरा क्रेट घेऊन बाहेर येतोय, दोघंही अडलेत. "हटो ना भैया!" "तू हट!"

"पिठाचं लग्न आहे का काय तिकडं?" म्हणत कीर्ती खाली उतरली आणि स्वतःच स्कॅनर घेऊन माल उचलायला लागली. पहिली ऑर्डर दही, मिरच्या, बेसन. दुसरी दही, बेसन. तिसरी ताक, बेसन. दरवेळी पुढच्या फ्रिजपासून थेट मागच्या कोपऱ्यात!

चौथ्या खेपेला ती मध्येच थांबली. मेसच्या डब्यात रोज काय येतं? कढी, नाहीतर गट्टे, म्हणजे दह्याच्या रश्शात बेसनाच्या वड्या. रोज नाक मुरडून ती खात होती की! आणि रॅक मांडले तेव्हा बेसन पार कोपऱ्यात कुणी टाकलं? तिनंच. सांगलीच्या घरी बेसन लागायचं कधीमधी पिठल्याला, म्हणून.

"भँवरी, बेसन उठा, सारा का सारा! फ्रिज के बगल में."

भँवरी तिथली सगळ्यात चपळ पोरगी, आणि तोंडानं त्याहून चपळ. "दीदी, बेसन को गर्मी लग गई क्या?"

"मुझे लग गई है. चल!"

कीर्तीनं सिस्टिममध्ये बेसनाची जागा बदलली, नाहीतर स्कॅनरनं सगळ्यांना परत कोपऱ्यातच पिटाळलं असतं. मग झुंबड हळूहळू विरली. दही घे, हात लांब कर, बेसन घे, चल पुढे. बाहेरचे हॉर्न थांबले.

संकेतचा फोन आला. "दुकान बंद केलंस का काय? माझ्या स्क्रीनवर एकही ऑर्डर अडकलेली दिसत नाहीये."

"चालू आहे. मीच सांगलीचं स्वयंपाकघर मांडलं होतं इथं. आता जयपूरचं मांडलंय."

"मतलब?"

"मतलब संध्याकाळ आमचीच, सर. हो म्हणा आधी."

तो हसला. "हो, बाई. तुमचीच."

"थांबा सर, ठेवते," कीर्तीची मान वळली होती. "आता ही सगळी ब्रेडपाशी का घुटमळतायत, बघून येते."