सोशिक पाय

वैशाखात धुळ्याच्या गच्चीवर दुपारी कावळासुद्धा उतरत नाही. त्या गच्चीवर भिकुबाई अनवाणी फिरत होत्या. ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, त्यांनी सकाळीच जुन्या धोतरावर थापले होते आणि आता एकेक सोडवून उलटायला त्या वर आल्या होत्या.

"माय, चपला घाल," कुंदा जिन्याच्या दारातून म्हणाली. स्वतःच्या पायात चपला असूनही तिला पाऊल बाहेर टाकवेना.

"माले काही व्हत नही वं."

शेजारच्या गच्चीवरून कमलबाई हसल्या. "कुंदाताई, जुनं हाड आहे ते. आपल्याला टाचेला खडा लागला तरी डॉक्टर लागतो."

"तुम्ही सगळ्या चपला घालीसनच जलमेल शेतस," भिकुबाई म्हणाल्या आणि बिबडा उलटून पुढे सरकल्या.

पाय भाजत नाहीत याचं त्या दोघींना कौतुक वाटलं. काळजी कुणालाच वाटली नाही. कुंदा शाळेत विज्ञान शिकवत होती, मुलांना उष्णतेचा धडा दरवर्षी शिकवत होती. तिलाही वाटली नाही. आई म्हणजे सोसणारीच असते, हे ती पुस्तकाआधीच शिकली होती.

भिकुबाईंना पाहायला पाहुणे आले होते तेव्हा त्यांच्या मामाने एवढंच सांगितलं होतं, "पोर सोशिक शे." लग्न ठरलं. पुढे बाळंतपणं, कापूस वेचणं, नवऱ्याचं दुखणं, त्याचं जाणं, सगळं त्या एका शब्दावर त्यांनी पेललं. मुलगा अभिमन नरडाण्याजवळच्या गावी शेती पाहत होता, मुलगी धुळ्यात शिक्षिका झाली. मधल्या काळात रक्तात साखर निघाली होती. गोळ्या चालू होत्या, म्हणजे डबीत होत्या. आठवण झाली की भिकुबाई घेत. १९९५च्या त्या उन्हाळ्यात गुडघे फारच धरले म्हणून कुंदाने त्यांना धुळ्याला आणलं होतं.

"भाईदासकडे न्या ना," कमलबाईंनी सुचवलं. "माझ्या सासूबाई काठी टाकून चालायला लागल्या."

भाईदासचं शेक केंद्र मागच्या गल्लीत होतं. सुरतेच्या एका इस्पितळात तो वर्षानुवर्षं रोगी उचलायचं काम करत होता. उचलता उचलता यंत्रांची बटणं पाहून घेतली. परत येताना एक जुनं यंत्र, लाल दिवा आणि पांढरा कोट घेऊन आला. दारावर पाटी लावली, नावाआधी काही न लिहिता. पण लोक त्याला डॉक्टरच म्हणत आणि तो नाही म्हणत नसे. माणूस वाईट नव्हता. म्हाताऱ्यांना स्वतः रिक्षातून उतरवून घेई, त्यांच्या गावची विचारपूस करी, साक्रीकडचा असो की शिंदखेड्याकडचा, सगळ्यांशी त्यांच्या बोलीत बोले.

"माय, काय दुखस?"

"गुडघा. आनि पायले मुंग्या येतस."

"दोन्हीकडे शेक देऊत. आठ दिनमा पळशात."

साखर आहे का, हे त्याने विचारलं नाही. विचारायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याने लाल दिवा पावलांवर ओढला. शेजारच्या बाकावर कुणी म्हातारा "भाजस रे भाऊ!" म्हणून ओरडला, तशी भाईदासने त्याचा दिवा मागे सारला. भिकुबाई गप्प होत्या. मग त्यांचा दिवा त्याने थोडा पुढे घेतला. जो ओरडेल त्याचा दिवा मागे, जो ओरडणार नाही त्याचा पुढे; एवढंच त्याचं मोजमाप होतं.

"चटका बसस का, माय?"

"नही रे दादा. मस्त वाटस."

भाईदासने कौतुकाने कुंदाकडे पाहिलं. "ताई, तुमनी माय लई सोशिक शे. बाकीना लोके निस्ता आरडतस."

कुंदाला बरं वाटलं. भिकुबाई तर लाजल्याच. पाहायला आलेल्या पाहुण्यांनंतर तोंडावर असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाईदासने दिवा आणखी जवळ आणला आणि त्या आणखी ताठ बसल्या.

फोड आला तेव्हा भाईदास म्हणाला, आतला वात बाहेर पडतोय, चांगली खूण आहे. त्याने मलम लावलं, पट्टी बांधली आणि दुसऱ्या पायाला शेक दिला. कुंदा तेव्हा बोर्डाचे पेपर तपासायच्या गडबडीत होती. पोरीला रजा घ्यावी लागेल म्हणून भिकुबाई पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून बसत. घरात चालताना लंगडत नसत, कारण दुखतच नव्हतं.

एका सकाळी सतरंजी उचलताना कुंदाच्या हाताला ओल लागली. वास आला. तिने आईचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडली. टाच काळी पडली होती.

"माय! हे कधीपासून?"

"काय शे तठे?" भिकुबाईंनी वाकून पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाचा पाय पाहत असाव्यात तशा. "माले तं काहीच समजनं नही."

पाय वाचवणारा म्हणून जळगावच्या एका सर्जनचं नाव अभिमनला कुणीतरी सांगितलं होतं. जीप करून तिथे नेलं. सर्जननी पाहिलं आणि ते अभिमनला बाहेर घेऊन गेले. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

उरलेल्या पायाचा व्यायाम घ्यायला खोलीत माधुरी नारखेडे नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने व्यायाम घेतलाच नाही. पिशवीतून काचेच्या दोन परीक्षानळ्या काढल्या. एकीत गरम पाणी भरलं, एकीत गार. आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिल्या.

"आजी, डोळे मिटा. मी पायाला लावते, तुम्ही फक्त सांगायचं, गरम की गार."

"शाळामा घाली का माले?" भिकुबाई हसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

माधुरीने गरम नळी तळव्याला लावली.

"गार."

गार नळी लावली.

"गार."

पुन्हा गरम. भिकुबाईंनी क्षणभर विचार केला, उत्तर चुकू नये अशा बेताने. "आते... गरमच व्हई ना?"

माधुरीने नळ्या रुमालात गुंडाळल्या. कुंदा तिच्या मागे व्हरांड्यात गेली.

"हे कशासाठी होतं?"

"साखरेने यांच्या पायातली जाणीव गेली आहे, ताई. बरीच वर्षं झाली असावीत. शेक देण्याआधी आम्ही प्रत्येकाची ही तपासणी करतो. कॉलेजात पहिल्यांदा हेच शिकवतात. ज्याला गरम-गार कळत नाही त्याच्याजवळ दिवा न्यायचाच नसतो." तिने खोलीकडे वळून पाहिलं. "धुळ्याला कुणीच नाही केली?"

कुंदाच्या प्रयोगशाळेच्या कपाटात परीक्षानळ्यांचे खोकेच्या खोके होते. रोज तिच्याच हाताने धुवून पालथ्या ठेवलेल्या.

जखमेतलं विष अंगात पसरलं होतं. भिकुबाई इस्पितळातच गेल्या; गावी नेला तो त्यांचा देह.

द्वारदर्शनाला, म्हणजे दारावर भेटायला, भाईदास आला. ओट्यावर बसला आणि खरोखर रडला. "मायनी कधी हूं का चूं करं नही," तो अभिमनला म्हणाला. "अशी सोशिक बाई मी दखी नही." बायकांत हुंदका फुटला. "सोशिकच होती," एक म्हातारी म्हणाली, "बोलून दाखवलं नाही कधी."

"सोशिक नव्हती," कुंदा म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"तिला लागतच नव्हतं. आणि ते पाहायचं काम तुमचं होतं, भाईदासभाऊ. तुम्हाला ते येत नव्हतं. येत नाही."

"कुंदे," अभिमनने हात धरला. "दारावर उना शेतस लोक. तो बी भेटालेच उना शे."

सुतक संपवणाऱ्या गंधमुक्तीनंतर अभिमनने पुन्हा समजावलं. भाईदासने मुद्दाम थोडंच केलं, चार लोकांचे गुडघे बरे झालेत, पोट आहे त्याचं. कुंदाने ऐकून घेतलं. तिला भाईदासचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. त्याच्या बाकावर उद्या कुणी बसू नये, एवढंच वाटत होतं.

ती धुळ्याच्या सरकारी आरोग्य कचेरीत गेली. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकलं.

"डॉक्टर असं पाटीवर लिहिलंय का?"

"नाही."

"औषधं देतो? इंजेक्शन?"

"शेक देतो."

"मग धरायचं कुठे, बाई? डॉक्टर चुकला तर त्याचं नाव नोंदीतून काढता येतं. नर्सचं काढता येतं. फिजिओथेरपीची आपल्या राज्यात नोंदच होत नाही. नावच लिहिलेलं नाही, तर खोडणार काय? पोलिसांत जा म्हटलं तर जाल, पण ते म्हणतील, म्हातारी स्वतः रोज जाऊन बसत होती."

"म्हणजे उद्या मी लाल दिवा घेऊन बसले तर?"

साहेबांनी चहाचा कप फिरवला. "दुकानाचा परवाना काढावा लागेल," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्याने ओशाळले.

तिने माधुरीला हे सांगितलं तेव्हा माधुरी कडवट हसली. "मी मुंबईला जाऊन शिकले, वॉर्डात उभं राहून परीक्षा दिल्या. माझ्या आणि त्याच्या पाटीत कायद्याला काही फरक दिसत नाही. आम्ही काही जण सरकारकडे मागणी करतोय, आमची नोंदणी करा, नियम घाला, चुकलो तर आम्हालाही शिक्षा करा. बैठका होतात. फाइल फिरते."

"मला काय करता येईल?"

"लिहा. रोग्याच्या घरचं कुणी अजून बोललेलंच नाही."

कुंदाने लिहिलं. आमदारांना, मंत्र्यांना, वर्तमानपत्रांना. आईचा पाय कसा होता ते लिहितानाही अक्षर तिने वाकडं होऊ दिलं नाही. पण कायदा यायचा तेव्हा येईल; भाईदासचा दिवा रोज सकाळी पेटत होता.

पुढच्या रविवारी ती शेक केंद्रात गेली. हातात शाळेचा लाकडी स्टँड, त्यात दोन परीक्षानळ्या आणि गरम पाण्याचा थर्मास. बाकावर माणसं बसली होती. तिला पाहून भाईदासचा चेहरा उतरला.

"ताई, आठे कसाले..."

"भांडायला नाही आले. तुम्हीही बघा."

दिव्यासमोर एक म्हातारा धोतर गुडघ्यापर्यंत ओढून बसला होता. झुलाल आबा, साक्रीकडच्या खेड्यातले. दिवा त्यांच्या पावलांच्या अगदी जवळ होता. कुंदा खाली बसली, तिने दिवा बाजूला सारला आणि नळ्या भरल्या.

"आबा, डोळे मिटा. गरम की गार, तेवढं सांगा."

"शाळा भरनी का वं बाई आठे? माले पाढा येत नहीत," आबा म्हणाले. बाक हसला. त्यांनी डोळे मिटले.

कुंदाने गरम नळी मनगटाला लावून पाहिली, मग त्यांच्या तळव्याला लावली.

"गार शे."

"नीट सांगा, आबा."

"गारच शे. बर्फनागत."

शेजारच्या बाईने हात पुढे करून नळीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "अय माय! हाई तं गरम शे!"

हसणं थांबलं. आबांनी डोळे उघडले. नळीकडे पाहिलं, बाईच्या बोटाकडे पाहिलं, मग भाईदासकडे. भाईदास बटणावर हात ठेवून उभा होता. त्याने बटण बंद केलं.

"पन हाऊ भाईदास तं माले रोज सांगस," आबा हळूच म्हणाले, दुखावल्यासारखे, "आबा, तुम्ही लई सोशिक शेतस. मंग मी सोशिक नही का, बाई?"

भाईदासने मान खाली घातली होती. कुंदाने नळ्या स्टँडमध्ये ठेवल्या आणि म्हाताऱ्याचं ते खडबडीत, भेगाळलेलं पाऊल दोन्ही हातांत धरलं, लहान मुलाचं धरावं तसं घट्ट.

आबा अजून तिच्या तोंडाकडेच पाहत होते. आपला पाय कुणीतरी धरला आहे, हे त्यांना कळलंच नव्हतं.